युसूफ वडगावला चार बहिणींचा फोटो

उन्हाळ्यात थोरल्या मावशीचं हृदयाचं ऑपरेशन झालं. दिवाळीनंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडून धाकट्या मावशीकडे युसूफ वडगावला येणार म्हटल्यावर आई मला म्हणाली, "आमच्या चौघींचा एकत्र फोटोच न्हाई बघ. तुझा कॅमेरा घे."

हा कॅमेरा मी जुना विकत घेतला आणि व्हिडिओ बघत एकटीच शिकतेय, तेही मॅन्युअलवर. म्हणजे उजेड किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, सगळं आपणच ठरवायचं. तोवर मी तुळस आणि शेजारचं मांजर एवढंच काढलं होतं.

रविवारी सकाळीच आईला घेऊन बीडहून गाडी काढली. तेलगावला चहा आणि गरम भजी, शंभरात दोघींचं भागलं. दोन्हीकडे कापूस फुटलेला. पुढे धारूरचा घाट. तुम्ही जाणार असाल तर इथे घाई करू नका. वळणं अरुंद आहेत आणि समोरून उसाचे ट्रॅक्टर येतात. घाट संपल्यावर सीताफळं घेतली आणि येणाऱ्या ट्रॅक्टरचा फोटो काढला. तो चक्क स्पष्ट आला, आणि मला जरा धीर आला.

केजवरून वडगावला पोचलो तेव्हा तिघी मावश्या नुकत्याच विहारातून वंदना करून आल्या होत्या. आईसकट सगळ्यांच्या अंगावर पांढऱ्या साड्या. थोरली मावशी पार वाळली होती.

"आजारी तोंडाचा काय फोटो काढतीस माय," ती म्हणाली.

"तू बस गं आक्का," म्हणत आईने तिला अंगणात खुर्चीवर बसवलं.

मी फोटो काढला. घाईत सेटिंग बघायचंच राहिलं, उजेड फारच कमी घेतला गेला, त्यामुळे सगळं काळं आलं. धाकटी मावशी स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाली, "आमाला अंधारात बसवलं का काय?" मग उजेड वाढवला, तर साड्यांचा एकच पांढरा डाग झाला. ऊन डोक्यावर आलेलं. थोरली मावशी डोळ्यांवर पदर ओढत होती.

"लई ऊन हाय गं. ऱ्हाऊ दे आता."

ती उठली तर परत बसणार नाही, हे मला दिसत होतं. मी चौघींना ओसरीच्या सावलीत नेलं. थोरलीच्या अगदी जवळ जाऊन फक्त तिच्या चेहऱ्यावरचा उजेड मोजला, तोच कायम ठेवला आणि मागे सरकले. दोघी पुढे, दोघी मागे. सगळ्या स्पष्ट याव्यात म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, आठवर नेऊन बारीक केलं. त्यामुळे उजेड कमी झाला आणि शटर हळू करावं लागलं. आता कुणी हललं की फोटो पुसट होणार.

"हलू नका," म्हटल्यावर चौघी लाकडासारख्या ताठ झाल्या. मधली मावशी ओठ न हलवता पुटपुटली, "श्वास घ्यावा का न्हाई?" थोरली हसली, मग सगळ्याच हसल्या. मी बटण दाबत राहिले. नीट बघायच्या आतच बॅटरी संपली, आणि दुसरी बॅटरी माझ्याकडे नव्हती.

जेवायला येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. सगळं चविष्ट होतं, पण माझं लक्ष पिशवीतल्या कॅमेऱ्याकडे. निघताना थोरली मावशी दारापर्यंत आली. परतीच्या वाटेवर आईने विचारलं, "आला का गं?"

"घरी गेल्यावर कळंल."

ती घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

संध्याकाळी घरी आल्याबरोबर फोटो कॉम्प्युटरवर घेतले. पहिले काही पुसट. एकात आईचे डोळे मिटलेले. त्याच्या पुढचा उघडला आणि मोठा करून एकेक चेहरा तपासला. चौघी स्पष्ट. साड्यांच्या निऱ्यासुद्धा मोजता येत होत्या. थोरली मधलीकडे वळून हसत होती, एक हात आईच्या गुडघ्यावर.

आई मागे येऊन उभी राहिली. वाकून बघत म्हणाली, "आक्काला धाड."

धाडला. थोड्या वेळाने मावशीचाच फोन आला.

"बघितला माय. यात मी आजारी दिसंना की."

मॅन्युअल अजून मला धड जमत नाही. पण त्या फोननंतर मी खुर्चीत मागे टेकले, आणि सकाळपासून आखडलेले खांदे तेव्हा कुठे सैल झाले.