जास्तीची बांगडी

बाजारपेठेच्या उभारणीसाठी आलेल्या सरकारी मदतीतून आमच्या कासारमामांच्या दुकानाला नवं निळं शटर लागलंय. साथीच्या काळात निर्बंधांचे नियम सारखे बदलत होते तेव्हा आधी किराणा उघडला, मग कापड, मग सोनार. बांगड्या कुणाला गरजेच्या वाटल्या नाहीत. आणि हात हातात घेतल्याशिवाय त्या भरता तरी कशा येणार? परवानगी आली तोवर मामा त्याच साथीत गेले होते.

आता दुकानात मामी बसतात. काल माझा हात दाबत त्या हिरव्या बांगड्या चढवत होत्या आणि मला त्यांची ओकीबोकी मनगटंच दिसत होती.

"माल भरला गं, दुकान सावरलं," त्या म्हणाल्या.

दुकानं सावरतात. योजना दुकानांच्याच असतात.

रिवाजाप्रमाणे शेवटी त्यांनी एक जास्तीची बांगडी उचलली. मला राहवलं नाही. "मामी, ही तुम्ही घाला ना."

त्यांनी ती स्वतःच्या बोटांवर चढवली. मुठीपाशी अडकली. थोडा वेळ तशीच धरून त्यांनी ती हळूच काढली.

"नाही जमत गं. माझ्या हातात बांगडी नेहमी यांनीच भरली."