तक्रारी लिहून घेणारा तालुका

बंगळुरात तालुक्यांची गुणपत्रिका करणाऱ्या एका कचेरीत मी नोकरी केली. रस्ते, पाणी, करवसुली, कारखाने, सगळ्याला गुण. निकालाच्या दिवशी शाली आणि चंदनाचे हत्ती. पहिल्या तालुक्याचे साहेब असे बसत, जणू पाऊसही त्यांच्याच सहीनं पडला होता.

तक्त्यात ‘आलेल्या तक्रारी’ असा एक रकाना होता. तक्रारी जितक्या कमी, तितके गुण जास्त. रकाना माझ्याच डोक्यातून निघालेला, आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी एक तालुका केवळ या रकान्यामुळे शेवटचा आला. वरून टिपण आलं: तिथली तक्रार खिडकी बंद करा, खिडकीवरच्या बाईंना दुसरीकडे हलवा. सही माझी हवी होती. आधी बघून यावं म्हणून मल्लेश्वरमहून दोन बस बदलून, खड्ड्यांत हाडं मोजत तिथं पोचलो.

खिडकीत पन्नाशीच्या अक्का. एक म्हातारा नळाबद्दल सांगत होता, त्या जाड वहीत लिहून घेत होत्या. त्यांची रीत अशी, की तक्रार करणाऱ्यानं परत येऊन ‘झालं’ म्हणत अंगठा किंवा सही दिल्याशिवाय नोंद मिटवायची नाही. बहुतेक नोंदींपुढे ती खूण होती.

“एवढं लिहिता म्हणून तुम्ही शेवटच्या,” मी म्हणालो. “पहिल्या तालुक्यात एकही तक्रार नाही.”

“स्वल्प, जरा तिथंही जाऊन या, सर. तहान लागली तर त्यांचा हत्ती सोंडेनं पाणी देईल.”

गेलो. तक्रार खिडकीला आडवं कपाट लावलेलं होतं. कपाटात हत्ती.

पुढच्या बैठकीत मी टिपण सहीविना परत ठेवलं आणि रकाना बदला म्हणालो: आलेल्या तक्रारी नव्हे, तक्रारदाराच्या सहीनं मिटलेल्या मोजा.

“रकाना तुमचाच ना?” आमच्या कचेरीच्या साहेबांनी विचारलं.

“हो. म्हणून तो चुकीचा आहे हे मी खात्रीनं सांगू शकतो.”

गुण पुन्हा मोजले. पहिल्या तालुक्याकडे वहीच नव्हती, त्यामुळे मोजायलाच काही नव्हतं. शेवटचा तालुका चौथा आला. खिडकी राहिली, अक्काही राहिल्या. हे सांगायला मी स्वतः गेलो.

“पहिला का नाही?” अक्कांनी विचारलं.

“रस्ता. येताना माझी कंबर गेली.”

“सरी, बरं,” म्हणत त्यांनी वही उघडली, माझं नाव आणि कमरेचं कारण लिहून घेतलं.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. “सर, तुमची नोंद उघडी आहे. येऊन सही करून जा.”

गेलो. बसमध्ये सबंध वाट पेपर वाचता आला.