लाल दोऱ्यातला काळा मणी

शेवटची गाठ बसली की आंटी बाळाचं ब्रेसलेट आधी स्वतःच्या गालावर घासून बघायची आणि मगच डबीत ठेवायची. "टोचलं तर पोरगं थोडंच सांगणार आहे, बाय? नुसतं रडणार." दिवसाला तीस ब्रेसलेट, म्हणजे तीस वेळा गाल. मला आधी हा निव्वळ वेडेपणा वाटायचा.

ती वसईची. सगळे तिला आंटी म्हणत, मीही. इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीत आमचं हाताने दागिने करायचं छोटं वर्कशॉप आहे. चिनी नववर्ष जवळ आलं की लाल रेशमी दोरा, सोनेरी मणी, इवलाले घुंगरू यांची नुसती धांदल. मी तिथली सुपरवायझर. मरीनातल्या ऑफिसात बसणाऱ्या मालकीण मॅडमची डिझाइनं बायकांना समजावायची आणि माल बघून पुढे पाठवायचा, एवढंच माझं काम.

चिनी गाठी आंटी शिकली ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारातल्या एका चिनी दुकानदारिणीकडून. एकीला दुसरीच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. "तिचे हात बघितले, खलास," असं आंटी सांगायची. तिच्या गाठीत दोऱ्याचं टोक शोधून दाखवा, मी हरले.

नवरा वारलेला. बारावीतली मुलगी आईच्याच व्हिसावर होती. "एकदा तिचे पेपर झाले की मी सुटले," हे दिवसातून दोनदा ऐकायचं. फोन केला की पलीकडून उत्तर यायचं, "मम्मा, आय ॲम स्टडीइंग." आंटी लगेच फोन ठेवायची.

त्या वर्षी एका चिनी कुटुंबाने नातलगांच्या बाळांसाठी साठ ब्रेसलेट मागवली. आंटीने पहिलं करून माझ्यापुढे धरलं. डिझाइनमध्ये नसलेला एक काळा मणी मधोमध होता.

"दृष्ट लागू नये म्हणून घातला. चालेल ना?"

"आंटी, तुम्ही तर चर्चला जाता."

"नजरेला धर्म कुठला, बाय?"

मला माझ्या मुलाच्या मनगट्या आठवल्या. मॅडमला एक फोटो पाठवायला काय झालं होतं मला? पण म्हटलं, बाळाच्या हातातला काळा मणी कुणाला खुपणार आहे. "घाला की, चांगलंच आहे," मी म्हणाले.

साठच्या साठ परत आली. नव्या वर्षाच्या तोंडावर बाळाला काळं? त्या घरच्या आजीने हातसुद्धा लावला नाही म्हणे. त्यांच्यात ते अशुभ.

मॅडम स्वतः वर्कशॉपवर आल्या. "ये ब्लॅक किसने अप्रूव्ह किया?"

आंटी माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "मॅडम, सॅम्पल में नहीं था."

हो, मी म्हणाले. कुणी गळा धरला नव्हता माझा. आंटी मॅडमना म्हणाली, "मैंने डाला." ते खरंच होतं. बाकीचं खरं माझ्याकडे होतं, ते मी गिळलं.

तिला कामावरून काढलं, व्हिसा रद्द झाला. दुसरी नोकरी वेळेत मिळाली नाही. मुलीचे दोन पेपर राहिले असताना दोघींची इथे राहायची मुदत संपली.

निघायच्या आधी ती वर्कशॉपच्या दारात आली होती. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. "पोरगी बोलत नाही माझ्याशी. तिला वाटतं, मी मनाला येईल तसं काम केलं आणि तिचं वर्ष घालवलं. तू सांग ना तिला, बाय. मी विचारलं होतं ना तुला?"

"बोलते मी. इन्शाल्ला," मी म्हणाले. तिने मुलीचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. मी फोन केला नाही.

आता नव्या बायकांना चिनी रीतीभाती मीच शिकवते. चार नगांचा सेट करायचा नाही, त्यांच्यात चारचा उच्चार मरणासारखा; नववर्षाच्या मालात काळं-पांढरं घालायचं नाही. काळ्या मण्याची गोष्ट सांगितली की एखादी विचारतेच, "कोणी केलं होतं हो असं?"

"होती एक बाई," मी म्हणते, आणि पुढची गाठ दाखवायला घेते.