अनवरीबीच्या उशा

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत अनवरीबीनं शिवलेलं झंपर घातलं नाही अशी बाई सापडायची नाही. फुलंब्रीहून लग्न होऊन आली आन चाळीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल मारत राहिली. यंदा डॉक्टरांनी उजवा गुडघा काढून नवा बसवला.

घरी आली तशी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला आलेलं माणूस हात न लावता जात नाही. इथं काय करायचं, तर गुडघ्याखाली उशी सरकवायची. पहिली मीच सरकवली. लई पुण्य वाटलं. शहागंजातली नणंद आली, तिनं दुसरी ठेवली. अनवरीबी बेगमेसारखी पडून राहिली.

व्यायाम शिकवायला तनुजा नावाची पोरगी यायची, कोन मोजायची पट्टी घेऊन. उशीनं पाय अर्धवट वाकल्या जागीच आखडतो, हे तिनं चारदा सांगितलं. ती जिना उतरली की उशी परत जागेवर. व्यायामाची मोजणीही तशीच : एक, दोन, आन थेट दहा. झंपराच्या मापात मात्र बाई सूतभर चुकायची नाही.

तीन आठवड्यांनी पट्टी साठ अंशांवरच. डॉक्टर म्हणाले, अजून तीन आठवड्यांत नव्वद नाही झालं तर भूल देऊन वाकवावा लागेल. तिचा मुलगा अल्तमश फार समजूतदार. अम्मीनं आता आराम करावा, मशीन शिवणक्लासला देऊन टाकू, म्हणाला. अनवरीबी भिंतीकडं तोंड करून पडली. भिंतीला मशीनच होतं.

दुसऱ्या दिवशी मी चादर पसरली, सगळ्या उशा बांधल्या आन निघाले. सून खुशनुमा बघत राहिली, जणू मी दागिने नेत होते.

"कधीची दुश्मनी काढतीस गं?" अनवरीबी म्हणाली.

"उशी पाहिजे तर माझ्या दारात ये."

आमच्या दोन दारांत वीस पावलं. दोन दिवस शिव्या आल्या. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून बाईच आली. मी खुर्ची दिली, उशी नाय. टाच खुर्चीखाली मागं सरकवायला लावली. प्रत्येक वेळी तिनं माझ्या माहेरचा उद्धार केला. मोजणी मी करायची, त्यामुळं दोननंतर तीनच यायचे. रोज सकाळ-संध्याकाळ हाच कार्यक्रम. नणंद म्हणाली, शेजारीण कसाई आहे. व्हय म्हटलं.

ठरल्या दिवशी पट्टी ब्याण्णववर गेली. तनुजाला वाटलं तिच्या शिकवण्यानं झालं. मी वाटू दिलं.

मशीन भिंतीलाच राहिलं. महिन्याभरानं अनवरीबी त्याच्यासमोर बसली, पायडलवर पाय ठेवला, थोडी थांबली आन हलकंच दाबलं. पहिलं काय शिवलं, तर उशांचे अभ्रे. माझ्या घरी राहून उशा मळल्या असतील, म्हणाली.