पासवर्ड पुतण्याकडे होता

पुतण्यानं आमच्या बचत गटाला जुना कॉम्प्युटर आणून दिला, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "याचा मालक कोण?"

"कुणीच न्हाई, काकी. यातली सिस्टीम लिनक्स हाय. फुकट, समद्यांची. कुणाला विचारायचं न्हाई. आजपासनं तुमचंच."

मी चौथी शिकलेली. वाईजवळच्या आमच्या गावात आम्ही बायका हळद दळून पाकिटं विकतो. पुतण्यानं पडद्यावर चार मोठी चित्रं ठेवली होती, बाकी सगळं लपवलेलं. नव्या माणसानं घाबरू नये म्हणून, असं म्हणाला. मला ते पटलं. बायका माऊसला तापल्या तव्यासारखा हात लावायच्या. मी ओरडायची, "दाबा गं, चावत न्हाई! बिघडलं तर बिघडलं, आपलंच हाय." असं सांगून मी घरोघरच्या बायका गोळा केल्या.

पुढं लेबलं छापायला प्रिंटर घेतला. तो जोडायला गेले तर मशीननं पासवर्ड मागितला. मशीन उघडायचा माझा होता तो दिला, चालला नाही. पुतण्याला फोन केला. त्यानं पुण्यात बसून काय करायचं ते केलं आणि म्हणाला, "झालं, काकी." कसला पासवर्ड, विचारलं. "ते आतलं असतं, सोड." मी सोडलं.

मग त्यानं मला सांगलीला नेलं. तिथल्या एका कॉलेजात त्याचं भाषण होतं, नवख्या लोकांना ही सिस्टीम सोपी कशी करायची यावर. मी ठेवणीतलं लुगडं नेसले होते. त्यानं माझा फोटो भिंतीएवढा दाखवला. "माझी काकी. चौथी पास. ही चालवते, तर कुणीही चालवेल." टाळ्या झाल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

एक मुलगी उठली. "आजींना नवीन काही बसवायचं असेल तर?"

"त्यांना गरजच पडत नाही."

"पण मुख्य पासवर्ड त्यांच्याकडे आहे ना?"

"तो माझ्याकडे ठेवलाय. नाहीतर रोज फोन येईल, काकीनं काहीतरी उडवलं म्हणून."

सगळी पोरं हसली. मीही हसत होते. काय म्हणाला ते डोक्यात शिरल्यावर थांबले.

परतताना गाडीत मी विचारलं, "मला का दिला न्हाईस?"

"काकी, एखादं बटण चुकून दाबलंस तर समदं जाईल."

"जाईल तर आमचं जाईल. तुझं काय जातंय?"

"तसं नसतं गं."

"मग कसं असतं?"

कराडला गाडी थांबवून तो उसाचा रस घेऊन आला. मी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सांगलीला जे झालं ते गटात सांगितलं. एका बाईनं तोंडावर विचारलं, "आवं, मग आमी शिकलो काय? त्यानं मांडून दिलेली भातुकली खेळलो व्हय?" मीच तिला ओढून आणली होती. ती उठून गेली, परत आली नाही.

मी पुतण्याला फोन केला. "पासवर्ड दे, न्हाईतर मशीन उचलून ने." बऱ्याच दिवसांनी पासवर्ड मोबाइलवर आला. सोबत एक शब्द नाही.

तो टाकल्यावर लपवलेलं सगळं पुढं आलं. निम्मं कळलं नाही. आधी एवढंच शोधलं, की पासवर्ड बदलतात कुठं. सकाळ गेली त्यात, पण बदलला.

जत्रेला तो गावी आला आणि सवयीनं मशीनपुढं बसला. थोड्या वेळानं वळून म्हणाला, "काकी, बदललास व्हय? माझ्यावर इश्वास न्हाई?"

"न्हाई."

थट्टा समजून तो हसला. आता मी नवा पासवर्ड सांगेन म्हणून खुर्चीत तसाच बसून राहिला. मी चहा दिला. तो पिऊन झाल्यावर कप घेऊन आत गेले.