एक जूनची माणसं

नंबरकाकांचा माणसाच्या नावावर काडीचा विश्वास नव्हता. श्रीरामपुरातल्या आमच्या दवाखान्यात ते केसपेपर काढायचे. बाईनं नाव सांगितलं की चष्म्यावरून बघत विचारायचे, "कुठली सुमन? कशावरून?" मग नंबर द्यायचे, आणि पुढं ती बाई त्यांच्या लेखी तो नंबरच. स्वतःच्या चपलांवरही त्यांनी नंबर टाकला होता. आम्ही हसायचो.

कॉम्प्युटर आला तेव्हा प्रोग्रॅम मी लिहिला. पेशंट नंबराचं कार्ड घरी विसरतात, म्हणून नोंदीची ओळख मी नाव, गाव आणि जन्मतारखेवर ठेवली. काकांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं.

"मास्तरांनी निम्म्या पोरांची तारीख एक जून लिवलीय. सगळ्यांच्या आया एकाच दिवशी बाळंत झाल्या व्हय? शोधायला नाव ठेव. वळखायला नंबरच पायजे."

मी म्हटलं, नवऱ्याच्या नावापासून गावापर्यंत सगळं जुळणारी दोन माणसं दाखवा.

ती वर्षभरानं आली. एकाच गावच्या दोन सुमन बाळासाहेब, आडनाव तेच, दोघी एकाच सालच्या एक जूनच्या. दुसरीची नोंद पहिलीच्या नोंदीवर बसली, आणि पहिलीला कुठलं इंजेक्शन चालत नाही ही काकांनी भरलेली ओळ पुसली गेली. नेमकं तेच तिला दिलं गेलं. तोंड सुजलं, श्वास अडकला. कशीबशी वाचली.

चौकशीत काका म्हणाले, ओळ मी भरली होती. कुणी मानलं नाही. कॉम्प्युटरवर त्यांचा राग सगळ्यांना ठाऊक होता; मुद्दाम भरली नसेल, असं ठरलं. मला विचारलं, प्रोग्रॅममध्ये काही चूक? तोवर मला कळलं होतं. "नाही," म्हणालो. त्याच आठवड्यात गुपचूप सगळ्या नोंदींची ओळख नंबरावर नेली.

काकांना गेटवर गाड्यांचे बिल्ले द्यायला बसवलं. तीन वर्षं रोज मी त्यांच्याकडून बिल्ला घेतला. संध्याकाळी तो परत हातात पडल्याशिवाय ते माझी गाडी सोडायचे नाहीत. एकदा म्हटलं, काका, मला ओळखत नाही का? "तोंडावर काय लिवलेलं असतंय?" म्हणाले. हात तसाच पुढं.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी खिशातून बिल्ला काढला, तर त्यांनी हात पुढं केलाच नाही.

"ऱ्हाऊ दे. तुला वळखतो मी."

मी गाडी काढली. सांगायचं तेव्हाही राहिलं. गेल्या महिन्यात काका गेले. बिल्ला माझ्याकडंच आहे.