पुळणीवरचा रस्ता कोणी नेला?

पुण्याहून निघताना नवऱ्याने विचारलं, "निवृत्त झालीस ना? मग पुन्हा त्या पत्र्यांना भेटायला कशाला चाललीस?" पत्रे! सैन्यासाठी बांधकामाचं संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी उमेदीची सगळी वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी याच एका वस्तूवर. वाळूत लष्करी ट्रक रुतू नये म्हणून अंथरायचा रस्ता. हलक्या धातूचे लांबट पत्रे, वरच्या अंगाला चाक धरून ठेवणाऱ्या खरखरीत धारा, कडेला एकमेकांत अडकवायचे खिळे. आम्ही तो वाळवंटाच्या उन्हात भाजून पाहिला, बर्फात गोठवून पाहिला, आणि शेवटी खाऱ्या वाऱ्यात किती टिकतो ते पाहायला रायगडच्या किनाऱ्यावर, काशीदच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यापाशी अंथरला. चाचण्या संपल्यावर तो रीतसर त्या कोळीवाड्याला देऊन टाकला. मधे काही पावसाळे गेले होते. लेक सासरी कशी नांदतेय ते बघायला आई निघते, तशी मी निघाले.

अलिबागहून मुरूडची एसटी धरली. चौल आलं तसा रस्ता एकदम गार झाला. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, पाटाचं पाणी, कुंपणावर वाळत घातलेल्या गोधड्या. रेवदंड्याची खाडी ओलांडताना सवयीने पुलाचे सांधे मोजले. ही काय मोजतेय म्हणून शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. तिकीट फाडताना कंडक्टर म्हणाला, "कोळीवाड्याला? सांभाळून जा बाई, फुडं वाळूत चालायला लागंल."

"नाही हो, तिथे पत्र्याचा रस्ता आहे."

"व्हता," तो म्हणाला आणि पुढच्या सीटकडे वळला.

डांबरी रस्ता सुरूच्या बनात संपतो. बनाला लागून एक नवं रिसॉर्ट उभं राहिलेलं दिसलं. तिथून कोळीवाड्यापर्यंत नुसती पुळण (समुद्रकाठची भुसभुशीत वाळू). पत्र्यांचा मागमूस नव्हता. चपला हातात घेतल्या, पिशवी खांद्यावर टाकली आणि घोट्यापर्यंत रुतत चालू लागले. वाळू तापलेली होती, पाय भाजत होते आणि माझं डोकंही तापत चाललं होतं. कोळीवाड्याच्या मागे खाडी, पुढे समुद्र, आणि जगाकडे जायची वाट एवढीच. म्हणून तर तो रस्ता त्यांना दिला होता.

हिराबाईने लांबूनच ओळखलं. चाचण्यांच्या काळात आमच्या सगळ्या पथकाला जेवण तिच्याकडेच असे. आताही तिने आधी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (बारीक सुक्या कोलंबीची) चटणी पुढे ठेवली, मगच बोलायला बसली. तिची सून कविता ओटीवर पाय पसरून बसली होती. दिवस भरत आलेले. पायांवर सूज होती.

"रस्ता कुठे गेला, हिराबाई?"

"तुमच्याच मान्सानं नेला ना! फौजी कपड्यातला व्हता, ट्रक घेऊन आलता. म्हनला, सायबांनी सामान परत मागवलंय. आमी म्हनलं, सरकारचं हाय, सरकार नेतंय. मीच चावीनं खिळं खोलून दिलं. सगल्यांनी मिलून ट्रकात चढवलं. चा दिला, नारळ दिलं."

"आम्ही कोणालाही पाठवलं नव्हतं."

ती कमरेची चावी चाचपत म्हणाली, "त्येनं चावी मागितली न्हाय बाय. तवाच वलखायला पायजे व्हता."

ती चावी म्हणजे टोकाला चौकोनी खाच असलेली वाकडी सळई, रस्ता देताना आम्हीच तिच्या हाती सोपवलेली. तिच्याशिवाय खिळे ना बसतात, ना निघतात.

कविता हळूच म्हणाली, "पयलं ॲम्ब्युलन्स दारात येत व्हती. आता झोलीत घालून न्यायला लागंल मना."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. वर्दी बघून चहा देणाऱ्या माणसांना वर्दी घालूनच लुबाडायचं! मी तशीच उठले.

रिसॉर्टच्या फाटकावर वॉचमन उभा होता, बाजारात मिळतो तसल्या चट्ट्यापट्ट्यांच्या हिरव्या गणवेशात. फौजी तो हाच. आत लग्नाची गडबड. आणि फाटकापासून थेट समुद्रापर्यंत, दोन्हीकडे फुलांच्या कुंड्या लावून, माझा रस्ता अंथरलेला. तोही उलटा! गुळगुळीत बाजू वर, धारा वाळूत, खिळे मोकळेच.

"खरखरीत बाजू फोटोत चांगली दिसत नाही, मॅडम," मॅनेजर म्हणाला.

"ती दिसायला नाही, चाक धरायला केली आहे! आणि हा रस्ता कोळीवाड्याचा आहे."

"आम्ही भंगारवाल्याकडून घेतलाय." वॉचमन आपल्या बुटांकडे बघत होता. "आणि गावाला काय करायचाय, मॅडम? त्यांना वाळूतून चालायची सवय आहे."

आयुष्यात कोणाच्या कानाखाली वाजवली नाही, त्या दिवशी हात शिवशिवला. सवय आहे! दिवस भरलेल्या बाईला झोळीतून जायची सवय असते?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात उघडी जीप फुलांच्या माळांसकट फाटकातून सुटली. फोटोसाठी. चालवत होता नवरदेवाचा भाऊ, शेजारी मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. ओल्या गुळगुळीत पत्र्यावरून चाक घसरलं आणि जीप वाळूत उतरली. भाऊ मोठा हुशार. थांबायचं सोडून त्याने कोळीवाड्याच्या दिशेने दामटली आणि अर्ध्या वाटेच्याही पुढे जाऊन पार रुतवली. भरती चढत होती.

"कोळीवाड्यातून माणसं बोलवा!" मॅनेजर ओरडला. पाहुण्यांच्या गाड्या रुतल्या की हे नेहमीचंच, हेही तेव्हाच कळलं.

हिराबाई दोरखंड आणि माणसं घेऊन आली. वाळूकडे एकदा, पाण्याकडे एकदा पाहिलं. "मागं न्यायला येल न्हाय. पानी आलं. आमच्या अंगनात वढतो." होड्या वर ओढताना घालतात तसे हाकारे घालत सगळ्यांनी जीप पुढे ओढली. मीही दोराला हात लावला. लाटा चाकांच्या खड्ड्यांत शिरल्या तेव्हा जीप कोळीवाड्याच्या टणक अंगणात उभी होती, आणि नवरदेव कविताच्या शेजारी बसून चहा पीत होता.

"आता परत कसं जायचं?" भावाने विचारलं.

"रस्ता हाय ना तुमच्याकडं," हिराबाई म्हणाली. "आना."

मागोमाग धावत आलेल्या मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी कार्यालयात लावत असे तोच आवाज लावला, "डांबरी रस्त्यापर्यंत, पाण्यापासून दूर, सुलटा अंथरावा लागेल. सगळे पत्रे लागतील. एकही कमी चालणार नाही."

त्याने तोंड उघडलं, पण फोनवर तिकडून नवरीचे वडील मुहूर्त चुकतोय म्हणून त्याच्यावरच कडाडले. मग काय विचारता! कडक इस्त्रीचे वेटर, आचारी, तो हिरवा वॉचमन, सगळे डोक्यावर पत्रे घेऊन वाळूतून धापा टाकत येऊ लागले. मी पुढे राहून पत्रे जुळवत होते, मागून हिराबाई एकेक खिळा चावीने पिळत येत होती. नवरदेव मुंडावळ्या सावरत म्हणाला, "आजी, तुमच्या सुनेला दवाखान्यात न्यायचं असलं तर असंच वाळूतून?" तिने पुढचा खिळा पिळायला घेतला. मला वाटतं त्याला उत्तर मिळालं होतं, कारण जाताना तो कविताला वाकून नमस्कार करून गेला.

जीप खडखडत डांबरीवर गेली. वाळूत कुठेही बसली नाही. मॅनेजर घाम पुसत म्हणाला, "चला, आता उचला सगळं."

हिराबाईने शेवटचा खिळा पिळला, चावी कमरेला खोचली. "न्या की सायब. पर या खेपंला खरा फौजी आना. त्यो पयली चावी मांगंल."

परतीच्या एसटीत राग उतरेना. रेवदंडा गेलं, चौलच्या वाड्या गेल्या, तरी मी मनातल्या मनात भांडतच होते. ऊन, बर्फ, खारं पाणी, ट्रकांचं ओझं, सगळ्याची परीक्षा आम्ही घेतली होती. "त्यांना सवय आहे" म्हणणाऱ्या माणसापुढे रस्ता टिकेल का, हे तपासायचं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. सगळ्यात खडतर हवामान तेच असावं.

पुण्याला येऊन पिशवीतली वाळू अजून झटकायची होती, तोच हिराबाईचा फोन आला. बाळाचं तिने नंतर सांगितलं. आधी म्हणाली, "बाय, ॲम्ब्युलन्स दारात आलती."